निसटलेला बदल

लोंब्या खाली वाकल्या की आमच्या गावात माणसं वर बघायला लागतात. भात पिवळं पडलेलं, वारा पडलेला, दुपारी अंग नुसतं चिकचिकतं, आणि आंबोलीच्या बाजूला आभाळाचा एक कोपरा काळा झालेला. परतीचा पाऊस येणार की नुसता धमकावून जाणार, हे कुणालाच सांगता येत नाही. टीव्हीवाल्यांनाही नाही आणि आमच्या काकांनाही नाही. फरक एवढाच, की काका तरीही सांगतात. "आज येतलो मेलो," म्हणतात आणि पडवीच्या पायरीवर बसून कोयत्याला धार लावत राहतात.

यंदाही ते तसेच बसलेत. शेजाऱ्यांची कापणी सुरू झालीय, आणि कापलेल्या भाताचा तो ओलसर, किंचित आंबूस वास खळ्यापर्यंत येतो. हा वास आला की मला काम सुचत नाही. लॅपटॉप उघडा असतो, बोटं बटणांवर असतात आणि डोक्यात मागच्या वर्षीची कापणी सुरू होते. तेव्हाही मी इथेच, ह्याच खुर्चीत बसलो होतो आणि माझ्याच्याने काहीएक होत नव्हतं.

मी एडिटरवर काम करतो. संगणकावर ज्या पाटीवर लोक प्रोग्रॅम लिहितात, ती पाटी बनवणाऱ्या जगभरच्या मूठभर उद्योगी माणसांपैकी मी एक. काकांना हे मी इतक्या वेळा समजावलं, तरी शेजारच्या कट्टा गावच्या बाजारात कुणी विचारलं की ते सांगतात, "पुतणो पेपरात आसा." मी नाद सोडला.

वैजू ही काकांची मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी लहान, जिभेने चाळीस वर्षांनी मोठी. कॉलेजात असताना तिचे डोळे हळूहळू गेले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, इलाज सांगितला नाही. मग संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या जोरावर ती प्रोग्रॅम लिहायला शिकली, आणि मागच्या वर्षी पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीने तिला घरबसल्या कामावर घेतलं. पण कच्चं. दिवाळीपर्यंत पारखणार, मग ठेवायचं की नाही ते सांगणार. डोळ्यांचं तिने त्यांना सांगितलेलं नव्हतं. ही नोकरी टिकली पाहिजे, त्या ऑक्टोबरात आमच्या घरात सगळ्यांना हवी असलेली ही एकच गोष्ट होती. काकी तर भाताचं बोलता बोलता मध्येच म्हणायची, "पुण्यासून काय फोन इलो?" आणि परत भाताचं बोलायची.

डोळस माणूस पडद्याकडे बघतो आणि एका नजरेत ओळखतो, हे कशाच्या आत आहे, ते कशाच्या बाहेर. ओळी आत-बाहेर सरकलेल्या दिसतात ना. वैजूला आवाज एकेक ओळ वाचून दाखवतो. अजगरासारख्या लांबलचक फाइलमध्ये आपण नेमके कुठे उभे आहोत, हे तिला कळायचं कसं? म्हणून मी तिच्यासाठी एक बटण केलं. ते दाबलं की आवाज सांगायचा, "पत्ता तपासणाऱ्या फंक्शनच्या आत, दुसऱ्या अटीच्या आत." पहिल्यांदा ते चाललं तेव्हा वैजू किती वेळ नुसतं तेच बटण दाबत होती. इकडे जा, दाब. तिकडे जा, दाब. मग म्हणाली, "दिगू, माका घर दिसता रे. दारां-खिडक्यांसकट." मी काहीतरी चेष्टेचं बोललो, कारण नाहीतर रडलो असतो.

त्या बटणामागे एक झाड असतं. सगळा मजकूर वाचून एडिटर त्याची मांडणी झाडासारखी मनात धरून ठेवतो: हे खोड, ही फांदी, हा फाटा. पण लिहिणारा थांबत नाही. तो घालतो, खोडतो, परत घालतो. दर अक्षराला अख्खी फाइल पहिल्यापासून वाचायची म्हटलं तर झालंच. म्हणून युक्ती अशी की झाडाला फक्त बदल कळवायचा. इथून सुरू झाला, जुनं इथपर्यंत होतं, आता नवं इथपर्यंत आहे. झाड तेवढी फांदी नव्याने बघतं आणि पुढचं सगळं तेवढं सरकवून घेतं. युक्ती झकास. तिच्यात खोट एकच, की प्रत्येक बदल कळवला गेला पाहिजे. एक निसटला की संपलं.

पंगतीत वाढप्याला बजावलेलं असतं, आठव्या पानाला गोड नको, त्यांना साखरेचा त्रास आहे. एवढ्यात तिसऱ्या पानापाशी कुणीतरी उशिरा आलेला पाहुणा घुसतो, सगळे एकेक पान पुढे सरकतात, आणि वाढप्याला सांगायचं राहून जातं. वाढपी बिचारा प्रामाणिक. तो मोजतो आणि आठव्या पानाला शिरा वाढत नाही. तिथला धडधाकट माणूस हात आखडून बसतो, आणि त्याच्या शेजारचा साखरवाला दोनदा मागून घेतो. वाढपी खोटं वागत नसतो. त्याला बदल कळलेला नसतो, एवढंच.

तर नवरात्राच्या सुमाराला वैजूला वाचून दाखवणारा आवाज त्या वाढप्यासारखा वागायला लागला.

आवाज सांगायचा, तू पत्ता तपासणाऱ्या फंक्शनमध्ये आहेस. प्रत्यक्षात ती त्याच्या खालच्या फंक्शनमध्ये असायची. सारखं नाही, चार दिवस सगळं सुरळीत, आणि पाचव्या दिवशी मधूनच. तिने एक दुरुस्ती भलत्याच जागी घातली आणि पाठवून दिली. पुण्याहून सौम्य शब्दांत परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, शब्द जरा कमी सौम्य. तिसऱ्यांदा नुसतं एवढंच आलं की नीट बघून पाठवत जा.

"नीट बघून!" वैजू हसत सुटली. मला हसू आलं नाही.

"सांग ना त्यांना," मी म्हटलं, "चूक तुझी नाही, एडिटरची आहे."

"आणि ते काय म्हणतले? एडिटर सगळ्यांक तोच आसा, मगे तुकाच कसां होता?" तिने लॅपटॉप मिटला. "डोळ्यांचो विषय निघालो काय संपलां. त्येंका दया येतली. दया इली की नोकरी गेली म्हणान समज. तू तो बदल शोध."

मी शोधायला बसलो. आणि इथून माझ्या नाकी नऊ आले ते आजतागायत. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो की सगळं शहाण्यासारखं चालायचं. पाहुण्यांसमोर द्वाड पोर कसं हात जोडून उभं राहतं, तसं. मी चहा प्यायला आत वळलो की मागून हाक, "दिगू! झालां बघ परत!" धावत येऊन बघावं तर मजकूर निमूट पडलेला. मजकुरावरून काय कळणार? मजकूर आता काय आहे ते सांगतो. तो असा कसा झाला, कुठला शब्द कुठल्या वाटेने आला, हे विचाराल तर ठार मुका. मी माझ्या हातांनी तेच सगळं करून बघायचो, पण माझे हात माउसकडे जाणारे. तिचे हात निराळे. तिच्या बोटांना असंख्य आडवाटा ठाऊक, आणि त्यांतली एखादी वाट कुठेतरी झाडाला न सांगता जात होती.

एडिटरमध्ये बदल होण्याआधी एक निरोप येतो आणि झाल्यावर एक. दोन्हींची जोडी जुळली की झाड खूश. पण ही जोडी जुळतेच असं नाही. कधी आधीचा निरोप येतो आणि बदल होतच नाही. कधी दोन बदलांचा मिळून एकच निरोप. कधी केलेलं मागे घेताना काहीतरी गुपचूप होऊन जातं, कधी फाइल जपून ठेवताना एखादा आगाऊ भाग सगळ्या ओळी नीटनेटक्या करून टाकतो आणि कुणाला कळवत नाही. येतो येतो म्हणून न येणारे आणि न सांगता जेवायला टपकणारे, दोन्ही जातीचे पाहुणे. मी ह्या दाराला कडी घालावी तर तो त्या दाराने आत. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी असं माझं चाललेलं. शेवटी ह्या एडिटरची हाडं-नसा ओळखणाऱ्या दूरदेशीच्या माणसांना मी लिहिलं. त्यांचं उत्तर प्रेमळ होतं: हो, असं होतं खरं कधीकधी, तुला कारण सापडलं तर आम्हालाही सांग. मी हात टेकले. ते उत्तर आजही तसंच पडून आहे आणि मला अजून त्यांना काही सांगता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात कापणीचा दिवस ठरला.

आमच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात किंजळीच्या झाडाखाली एक दगड आहे. तो राखणदार. भाताला पहिला कोयता लावायच्या आधी त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. काका नारळ हातात धरून उभे राहतात, एकेक मागणं बोलतात, आणि बाकीच्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही. त्या दिवशी आम्ही घरचे होतो, कापायला आलेल्या दोन-तीन बायका होत्या, आणि माझा कोपर धरून वैजू उभी होती. पायाखाली बांध अजून ओला होता.

काकांचं गाऱ्हाणं त्यांच्या वडिलांपासून आलेलं. "बा देवा म्हाराजा, ही जी काय आज तुझी लेकरां तुझ्यासमोर उभी आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" इथपर्यंत ठीक. पण पुढे काका काळ्या बैलाला सांभाळायला सांगतात. काळा बैल जाऊन माझं अर्धं आयुष्य झालं, आता शेत पॉवर टिलर नांगरतो. मग बोटीवर नोकरीला गेलेल्या दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, सुखरूप परत आणायला सांगतात. दादा कधीचा परत आलाय, कट्ट्याला त्याचं दुकान आहे, आणि कधीकधी तो स्वतःच मागे उभा राहून स्वतःसाठी "व्हय म्हाराजा" म्हणतो. मी एकदा काकांना विचारलं होतं, हे आता काढून का टाकत नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू दगडालाच पाय लावला. "गाऱ्हाण्यात घालूचां असता," म्हणाले, "काढूचां नसता. नाव काढलां तर राखणदाराक वाटतलां, माणूस गेलो."

मग ते ठरलेलं मागणं आलं. "वैजूच्या डोळ्यांक उजेड दी रे म्हाराजा!"

आम्ही तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या कोपरावरचा हात घट्ट झाला. "बाबा," वैजू म्हणाली, "डोळे रवांदेत आता. नोकरीचां सांगा."

गाऱ्हाण्याच्या मध्ये असं कुणी बोलत नाही. काकी पुटपुटली, "गप गो, गप!" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काका नारळ धरून उभेच. त्यांचा चेहरा मला दिसत होता, वैजूला दिसत नव्हता, आणि तेच बरं होतं. इतकी वर्षं दर कापणीला ते तेच मागत होते, आणि ज्या माणसासाठी मागत होते त्या माणसाने ते मागणंच सोडून दिलं होतं. हा बदल त्यांना कुणी कळवलाच नव्हता.

"डोळे काढूचे नाय," शेवटी ते म्हणाले. "पुढे घालतंय." आणि दगडाकडे वळून, अडखळत, नव्या मागणीचे शब्द जुळवत बोलले, "आणि... ही जी काय आमच्या चेडवाची पुण्याची नोकरी आसा... तिची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. देवाधर्माला मी एरवी लांबूनच नमस्कार करणारा माणूस. पण स्वतःच्या अकलेचा पार चोथा झाला की माणूस दगडालाही व्हय म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.

परतताना वैजू माझ्या कानाशी लागली. "बघ, माझ्या बापसानसुद्धा बदल पकडलो. तुझो एडिटर कधी पकडतलो रे मेल्या?"

दुपारनंतर पाऊस आलाच. अर्धं भात कापून आडवं पडलेलं, आणि आंबोलीकडचा तो काळा कोपरा उठून थेट डोक्यावर. सगळे ताडपत्र्या घेऊन धावले. भारे उचला, इकडे टाका, दगड ठेवा, अरे ती बाजू उडाली. जेवढं झाकलं तेवढं झाकलं. उरलेलं डोळ्यांदेखत भिजत राहिलं आणि आम्ही कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. काकांनी पावसाला शिव्यासुद्धा घातल्या नाहीत, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

चिंब होऊन घरी आलो तर वैजू पडवीत कामाला बसलेली. मी डोकं पुसत होतो. ती म्हणाली, "दिगू, तुका तो बदल गावना नाय, तर नाय. रडा नको. पण त्याका खोटां बोलण्यापेक्षा गप रवाक शिकव. नक्की नसात तर म्हणूंदे, ठाऊक नाय. मी थांबतंय."

ते मात्र जमण्यासारखं होतं. मजकूर स्वतःशी मोजतो, आपल्यात किती बदल झाले. झाडाने मोजायचं, आपल्याला किती निरोप आले. दोन आकडे जुळले तर बोल. नाही जुळले, तर कबूल कर आणि अख्खी फाइल पहिल्यापासून वाच. वाचणारा भाग मीच लिहिलेला, म्हणजे बैलगाडीच, त्यामुळे त्याला वेळ लागायचा. पण निदान खोटं नाही.

मग उरलेली कापणीभर आमच्या पडवीत तो आवाज ऐकू येत राहिला. "ठाऊक नाही." वैजू हात मांडीवर ठेवून वाट बघायची. झाड पहिल्यापासून उभं राहायचं, मग ती पुढे जायची. थोड्या वेळाने परत, "ठाऊक नाही." बाहेर भिजलेलं भात उन्हात उलटंपालटं करताना प्रत्येक वेळी ते माझ्या कानावर पडायचं आणि मला शरमल्यासारखं व्हायचं. तिचं काम हळू झालं. पण पुण्याहून एकही चूक परत आली नाही. आम्हाला आशा वाटायला लागली. काकीने तर दिवाळीला पुण्याच्या साहेबांना पोहे पाठवायचं मनात धरलं.

मेल आला तेव्हा एकच कोपरा कापायचा राहिला होता. काका पडवीत पाणी प्यायला आले होते, मी वैजूच्या शेजारी होतो. मेल ऐकताना वैजू तो आवाज इतक्या वेगाने लावते, की दुसऱ्या कुणाला तो शब्दांचा वाटतच नाही, नुसती घरघर. घरघर सुरू झाली आणि दोन श्वासांत संपली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

तिने वेग कमी केला. माझ्यासाठी. इतका कमी, की एकेक शब्द वेगळा पडायला लागला. कंपनीने तिच्या कष्टांचं कौतुक केलं होतं. संघाची रचना बदलली असल्यामुळे सध्या तिला पुढे ठेवता येत नाही, याचं वाईट वाटतं, असं म्हटलं होतं. शुभेच्छा दिल्या होत्या. तो सावकाश, गोड, निर्विकार आवाज संपेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून होती, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

रचना बदलली! म्हणजे काय? खरंच बदलली, की त्या तीन चुका? की नंतरचा तो थांबून थांबून चाललेला वेग? का कुणाला तरी, कसं कोण जाणे, डोळ्यांचं कळलं? मी तो मेल कितीदा वाचला असेन. त्यात निकाल होता. तो कुठल्या वाटेने आला ते नव्हतं. मला ते आजही ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही.

काकांच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच. त्यांना मेलमधलं इंग्रजी कळलं नव्हतं, तोंडं कळली होती. काकी आतून बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

वैजूनेच तोंड उघडलं. "बाबा, त्या राखणदाराक सांगान येवा, नोकरी गेली म्हणान. नायतर तो उगाच राखीत बसात."

काकांनी तांब्या खाली ठेवला. कोपऱ्यातला कोयता उचलला.

"बसांदे," ते म्हणाले. "त्याका तरी दुसरां काय काम आसा."

आणि उरलेला कोपरा कापायला गेले.